इको-फ्रेंडली मेकअप आर्टिस्टकडे सल्ल्याला जाताय? घरातला मेकअपचा डबा सोबत न्या

मागच्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं, सांगलीला. तिचं पहिल्यापासून एकच म्हणणं होतं की चेहऱ्याला जे काही लागेल ते माझ्या स्किनला सोसणारं पाहिजे आणि त्याच्यापायी कुठल्या मुक्या जीवाला त्रास झालेला नको, आणि लग्नानंतर घरात दहा अर्धवट डब्या पडून राहिल्या असं पण नको. आई आणि मावशीला आधी हे सगळं फार वाटलं, खरं सांगायचं तर मलाही, पण तिच्यासोबत तीन ठिकाणी फिरले आणि शेवटी ज्या मॅडमकडे काम दिलं त्यांच्यासमोर आम्ही दोघी पहिल्याच दिवशी दीड तास बसलो, आणि तिथून आल्यापासून माझा स्वतःचा रोजचा ऑफिसचा मेकअप पण बदलला. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की असा सल्ला घ्यायचा कसा, फक्त नवरीलाच जाता येतं का, काय विचारायचं असतं. म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की सल्ला वेगळा आणि ट्रायल वेगळी. ट्रायलमध्ये त्या पूर्ण मेकअप करून दाखवतात, त्यात बोलणं कमी होतं कारण तुमचे डोळे मिटलेले आणि ओठ बंद असतात. सल्ल्यात त्या तुमची स्किन बघतात, तुम्ही रोज काय लावता, कशाने खाज येते, काय वापरून सोडून दिलंत हे विचारतात आणि त्यावरून सांगतात. लग्न असेल तर दोन्ही करा पण सल्ला आधी, शक्य असेल तर दोन-अडीच महिने आधी, कारण स्किनवर काही बदल करायचा असेल तर तेवढा वेळ लागतोच. आणि लग्नबिग्न काही नसेल तरी जाता येतं. फोनवर सरळ सांगायचं, मला मेकअप करून नकोय, मला सल्ला पाहिजे, माझ्याकडे जे सामान आहे ते घेऊन येते, त्यातलं काय ठेवू काय नको ते सांगा. या वाक्यावर समोरची व्यक्ती कशी बोलते यावरूनच अर्धा अंदाज येतो. जिला खरंच या कामाची कळकळ आहे ती म्हणते या की, सगळं घेऊन या. जिला फक्त पॅकेज विकायचंय ती लगेच सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम सांगायला लागते.

फी आधीच विचारा, त्यात लाजू नका. आम्ही सल्ल्याचे १,२०० रुपये दिले आणि ते नंतर लग्नाच्या रकमेतून वजा झाले, प्रत्येकीची पद्धत वेगळी असते. आणि अजून एक प्रश्न जरूर विचारा, की तुम्ही प्रॉडक्ट विकता का किंवा कुठल्या कंपनीचं कमिशन असतं का. असेल तर त्यात वाईट काही नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं, म्हणजे त्या जेव्हा म्हणतील हे घ्याच, तेव्हा आपण एकदा जास्तीचा विचार करू.

आता पहिला अनुभव सांगते, कारण तिथेच मी लेबल बघायला शिकले. ज्या पार्लरमध्ये आधी गेलो तिथे बाहेर बोर्डावर हिरवी पानं आणि ऑरगॅनिक ब्रायडल वगैरे लिहिलेलं होतं. आत गेल्यावर बहिणीने विचारलं की फाउंडेशन कुठलं आहे, बॉक्स बघू का. तर त्यांनी एका बिनलेबलच्या डबीतून काढून हातावर लावलं आणि म्हणाल्या एकदम नॅचरल आहे, बाहेरचं आहे. काय आहे त्यात याचं उत्तर काही मिळालं नाही, आम्ही चहा पिऊन उठलो. आता मला माहीत आहे की आर्टिस्ट लोक किट हलकं व्हावं म्हणून बाटलीतलं काढून छोट्या पॅलेटमध्ये भरतात, त्यात गैर नाही, पण नीट काम करणाऱ्या बाईकडे त्याचं मूळ लेबल चिकटवलेलं असतं नाहीतर मोबाईलमध्ये फोटो तरी असतो. आमच्या मॅडमकडे प्रत्येक पॅलेटच्या मागे छोटी चिठ्ठी होती, नाव, बॅच नंबर, कधी उघडलं ती तारीख. मी ते बघूनच निर्धास्त झाले.

भारतात बनलेल्या कॉस्मेटिकवर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख असायला हवी, बाहेरून आलेल्यावर इम्पोर्ट करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. हे नसलेलं कितीही पानाफुलांचं असो, चेहऱ्याला लावून घेऊ नका. गोरं करणाऱ्या क्रीमच्या बाबतीत तर अजिबातच नको. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुली अशा तिघींच्या किडनीला त्रास झाल्याची बातमी आली होती, त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला होता. आणि ती क्रीम त्यांना तिथल्याच एका ब्युटिशियनकडून मिळालेली होती. त्यामुळे ओळखीच्या आहेत, कशाला विचारायचं, असं मनात सुद्धा आणू नका.

इको-फ्रेंडली म्हणजे नक्की काय, हे त्यांनाच विचारा

या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि प्रत्येक आर्टिस्टचा भर वेगळ्या गोष्टीवर असतो. कोणी म्हणते माझं सगळं व्हीगन आहे (म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही), कोणी म्हणते मी केमिकल वापरत नाही (हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, पाणी पण केमिकलच आहे), कोणी पॅकिंगवर जोर देते, कोणी कचरा कमी करण्यावर. म्हणून तुम्हाला यातलं काय महत्त्वाचं आहे ते घरूनच ठरवून जा आणि मग विचारा.

क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर टेस्ट न केलेलं, ते आणि व्हीगन यात फरक आहे आणि तो बऱ्याच जणींना माहीत नसतो. भारतात कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्टिंग करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि तशी टेस्टिंग केलेला माल बाहेरून आणायला पण त्याच वर्षी बंदी झाली. म्हणजे इथे बनलेल्या एखाद्या डबीवर मोठा ससा काढून प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही असं छापलं असेल तर तशी टेस्टिंग मुळात कायद्यानेच करायची नाहीये. पण टेस्टिंग न करता सुद्धा आत प्राण्यापासून आलेलं काहीतरी असू शकतं. बऱ्याच लाल आणि गुलाबी लिपस्टिकमध्ये कार्माइन असतो, तो कोचिनील नावाचे किडे वाळवून त्यातून काढतात, लेबलवर कधी कार्माइन असं लिहितात आणि कधी नुसतं सीआय ७५४७०. लिपबाममध्ये मधमाशांचं मेण, ग्लॉसमध्ये लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला चिकट पदार्थ, नेलपेंट आणि मस्काऱ्यात लाख. आपल्याकडे बऱ्याच पॅकवर खाण्याच्या पाकिटासारखा हिरवा नाहीतर लाल-तपकिरी ठिपका असतो, तो आधी बघायचा. माझी बहीण जैन मैत्रिणींसोबत हॉस्टेलला राहिलेली, त्यामुळे तिला हे ठिपके बघायची सवय होती, मला नव्हती. फक्त मेण आणि लाख असेल तर मला चालतं, कोचिनीलचे किडे मात्र नको, असं मी मॅडमना सांगितलं तर त्यांनी लगेच त्याप्रमाणे शेड काढून दिल्या. तुमची रेघ तुम्ही कुठेही आखा, पण ती सांगा.

मग चमक. हायलायटर, आयशॅडो, गालावरची ती ओली चकाकी, हे बहुतेक अभ्रकाने येतं. आपल्या देशात अभ्रकाच्या खाणी झारखंड आणि बिहारच्या पट्ट्यात आहेत, कोडरमा, गिरिडीह वगैरे, आणि तिथे लहान मुलं अभ्रक वेचतात, त्यात काहींचे जीव गेलेत, यावर गेली कित्येक वर्षं बातम्या येतायत. २०१७ मध्ये यासाठी रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह म्हणून संस्था पण सुरू झाली ज्यात मोठ्या कंपन्या आहेत. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा मी खरंच हादरले, कारण मी पाच वर्षं झाली तो हायलायटर लावतेय आणि एकदा सुद्धा मनात आलं नाही की ही चमक खणून कोण काढत असेल. तेव्हा विचारायचं असं, की तुमच्या शिमरमध्ये अभ्रक कुठून येतं किंवा सिंथेटिक अभ्रक आहे का. सिंथेटिकचं नाव लेबलवर सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट असं असतं, मी मोबाईलमध्ये नोट करून ठेवलंय कारण तोंडात बसत नाही. सिंथेटिक घेतलं की प्रश्न मिटला असंही नाही, कारण खाणीवरच पोट असलेल्या घरांचं काय हा प्रश्न राहतोच, आमच्या मॅडमना पण याचं सोपं उत्तर नव्हतं आणि त्यांनी तसं मोकळेपणाने सांगितलं. उत्तर नाही हे कबूल करणाऱ्या माणसाचा सल्ला मला जास्त पटतो.

मोठ्या कणांचं जे ग्लिटर असतं ते मात्र बहुतेकदा सरळ प्लास्टिक असतं. तोंड धुतलं की गटारात आणि तिथून नदीत. आमच्या सांगलीत कृष्णा आहे, बहिणीला तेवढंच पुरेसं होतं, संगीतच्या रात्री ग्लिटर नको हे तिने तिथेच ठरवलं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये सुटं प्लास्टिक ग्लिटर विकण्यावर बंधनं आणली, मेकअपसाठी मात्र त्यांनी २०३५ पर्यंत मुदत दिलीय. आपण एवढं थांबायची गरज नाही. पापणीच्या मधोमध ओल्या बोटाने थोडा शिमर लावला तरी फोटोत तेच दिसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे वॉटरप्रूफ. लग्नात सगळ्यांना वॉटरप्रूफ पाहिजे असतं. २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातली २३१ कॉस्मेटिक्स तपासली होती, त्यात वॉटरप्रूफ मस्कारा, फाउंडेशन आणि लिक्विड लिपस्टिकमध्ये फ्लोरिन भरपूर सापडलं, म्हणजे पीएफएएस जातीची रसायनं असण्याची खूण, जी निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. लेबलवर नावात कुठे फ्लुओरो दिसलं किंवा पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) दिसलं तर विचारा (वरचं अभ्रकाचं नाव त्यातलं नाही, ते वेगळं). आम्हाला मॅडमनी ट्युबिंग मस्कारा सुचवला, तो पापणीवर बारीक नळीसारखा बसतो, रडलं तरी ओघळत नाही आणि कोमट पाण्याने निघून येतो. तो पण काही झाडाचा रस नाही, पॉलिमरच आहे, पण काढायला रसायन आणि कापूस लागत नाही.

नैसर्गिक म्हणजे सोसेलच असं धरू नका

हे मी ठळक लिहिलं असतं. लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात. सुगंधी तेलं, दालचिनी, पुदिना यांनी कित्येकींना ॲलर्जी होते. घरी केलेली कोरफडीची किंवा गुलाबपाण्याची क्रीम, ज्यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेलं नाही, तिच्यात चार दिवसांत बुरशी धरते, कधी डोळ्याला दिसते कधी दिसत पण नाही. आमच्या मॅडम एवढ्या हिरव्या विचाराच्या पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की पाण्याचा अंश असलेली आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली गोष्ट मी नवरीच्या डोळ्याजवळ नेणार नाही. तुमच्या आर्टिस्टला हा प्रश्न विचाराच, की तुमचं जे घरगुती आहे ते किती दिवस टिकतं आणि कशामुळे टिकतं. मेंदीचं पण तसंच, काळीकुळकुळीत तासाभरात रंगणारी मेंदी म्हणजे त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी असण्याची दाट शक्यता, त्याने हातावर फोड येतात. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते, त्यामुळे ती लग्नाच्या दोन दिवस आधी काढायची.

पॅच टेस्ट टाळू नका. आम्ही घरून तीन छोट्या स्वच्छ डब्या घेऊन गेलो, मॅडमनी प्रायमर, फाउंडेशन आणि लिपस्टिक थोडं थोडं काढून दिलं, बहिणीने कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघितलं आणि मग कानामागे. प्रायमरने तिला लाल चट्टा उठला. तो लग्नाच्या दिवशी चेहऱ्यावर उठला असता या विचाराने आईला रात्रभर झोप नाही.

जाताना काय न्यायचं

डबा. सगळा. कपाटातला, पर्समधला, बाथरूमच्या फळीवरचा, भावाच्या लग्नातला, बक्षीस आलेला, सगळं एका पिशवीत. मी लाजत होते कारण माझ्याकडे अकरा लिपस्टिक निघाल्या आणि त्यातल्या सहा जवळजवळ एकाच रंगाच्या. मॅडमनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक उघडून वास घेतला, हो, वास, तेलकट जुनाट वास आला की लिपस्टिक गेली. डबीच्या मागे उघडं झाकण असलेल्या बरणीचं चित्र असतं आणि त्यात ६ एम, १२ एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मस्कारा उघडून तीन ते सहा महिन्यांच्या पुढे ठेवायचा नाही, डोळ्याचा मामला आहे. पावडरच्या गोष्टी जास्त टिकतात.

मग त्यांनी तीन ढीग केले. एक, चांगलं आहे वापरा. दोन, चेहऱ्याला नको पण दुसरीकडे वापरता येईल. तीन, टाका. मला वाटलं होतं की त्या म्हणतील हे सगळं कंपन्यांचं केमिकल आहे, फेका आणि व्हीगन घ्या. तसं काहीच नाही म्हणाल्या. उलट म्हणाल्या की जे विकत घेऊन झालंय आणि खराब झालेलं नाही, तुम्हाला सोसतंय, ते संपवा, कारण ते फेकून नवीन इको-फ्रेंडली आणलं तर कचरा दुप्पट झाला. अकरा लिपस्टिकमधल्या सात वाचल्या. दोन जवळजवळ संपलेल्या त्यांनी काडीने कोरून एका छोट्या डबीत एकत्र केल्या आणि तो माझा रोजचा रंग झाला, ओठाला आणि गालाला पण, वेगळं ब्लश घ्यायचं कामच उरलं नाही. एक गडद तपकिरी आयशॅडो होती जी मी कधीच लावली नव्हती, ती ओल्या बारीक ब्रशने लायनरसारखी लावून दाखवली. दीड तासात मला नवीन घ्यायला सांगितलेली वस्तू फक्त एक, माझ्या रंगाचं कन्सीलर, कारण जे होतं ते दोन शेड उजळ होतं आणि त्याने डोळ्याखाली राख फासल्यासारखं दिसत होतं. त्या एका गोष्टीसाठी मी कितीतरी क्रीम घेत बसले होते.

म्हणून म्हणते, सल्ला घ्यायला जाणार असाल तर शेवटी असं विचारा की मला आत्ता लगेच काय लागेल, हे संपल्यावर काय घेऊ, आणि काय घ्यायचंच नाही. कागदावर लिहून घ्या किंवा त्यांच्या परवानगीने फोटो काढा, घरी येईपर्यंत अर्धं विसरतं.

बाकी तयारी थोडी आहे. दिवसा जा, खिडकीच्या उजेडात बसा. चेहरा धुऊन नुसतं मॉइश्चरायझर लावून जा. आदल्या दिवशी फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग नको, स्किन चिडलेली असते. साडीचा किंवा ब्लाउजचा तुकडा न्या. कुठली औषधं किंवा स्किनवाल्या डॉक्टरांची क्रीम चालू असेल तर नावासकट सांगा. आणि मुरुमं किंवा चट्टे खूप असतील तर आधी डॉक्टरकडे जा, मेकअप आर्टिस्ट कितीही चांगली असली तरी ती डॉक्टर नसते, आणि चांगली असेल तर ती स्वतःच तसं सांगते.

शेड बघताना मनगटावर लावून घेऊ नका, जबड्याच्या कडेला मानेपर्यंत लावा आणि बाहेर रस्त्यावर येऊन आरशात बघा. मग फ्लॅश टाकून फोटो काढा. झिंकवाली सनस्क्रीन आणि काही बारीक पावडरी फ्लॅशमध्ये पांढऱ्या मारतात, गव्हाळ आणि सावळ्या रंगावर तर जास्तच, आणि इको-फ्रेंडली किटमध्ये झिंक ऑक्साइड बऱ्याचदा असतंच. आमच्या पहिल्या फोटोत बहिणीचा चेहरा आणि मान दोन वेगळ्या माणसांची वाटत होती. मॅडमनी थोडी टिंटेड, म्हणजे रंग मिसळलेली झिंकवाली सनस्क्रीन घेतली आणि पावडर फक्त नाकाच्या आजूबाजूला ठेवली, मग जमलं.

आपल्या लग्नाच्या गोष्टी त्यांना आधीच सांगा

हे सांगायचं राहून जातं आणि नंतर गडबड होते. पहिली हळद. सांगलीची हळद, तिला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळालाय, ती एकदा घरच्या दहा बायकांनी गालाला चोळली की दुसऱ्या दिवशी चेहरा पिवळाच असतो. महिनाभर आधी ट्रायलमध्ये ठरवलेली शेड त्या दिवशी बसतच नाही. आम्हाला मॅडमनी सांगितलं की हळदीच्या आधी चेहऱ्याला तेलाचा हलका हात द्या, हळद पातळ कालवा आणि लावली की वाळून कडक होईपर्यंत ठेवू नका. रात्री तेलाने आणि मग साध्या फेसवॉशने धुतलं, तरी किंचित पिवळं राहिलंच, म्हणून त्यांनी फाउंडेशनच्या दोन शेड आणल्या होत्या आणि सकाळी मिसळून लावल्या.

दुसरं मुंडावळ्या. त्या कपाळाला घासतात आणि तिथलं फाउंडेशन रेघेने निघतं, म्हणून कपाळाला अगदी पातळ थर, आणि ट्रायलला मुंडावळ्या नाहीतर नुसती दोरी तरी बांधून बघायची. तिसरं नथ, दाबाची असेल तर नाकपुडीला तेलकट काहीच नको, नाहीतर घसरत राहते, जेवताना पण ओठाला लागते आणि लिपस्टिक नथीवर येते. चौथं होमाचा धूर. सप्तपदीपर्यंत डोळ्यातून पाणी येतंच, काजळ आतल्या कडेला न लावता फक्त पापणीच्या मुळाशी लावायचं. आणि मे महिना, हॉलला एसी असला तरी विधी मांडवात. विदर्भात तर त्या दिवसांत ४५ डिग्री असतं, कोकणात तापमान कमी पण घाम जास्त, दोन्हीकडे थर जितके कमी तितका मेकअप टिकतो, आणि सामान पण कमी लागतं.

स्वच्छता आणि कचरा या दोन्हीत स्वच्छतेला मान द्या

इथे माझं मत ठाम आहे. कोणी म्हणालं की मी कचरा करत नाही म्हणून सगळ्यांना एकाच मस्काऱ्याची कांडी लावते, तर उठून या. डोळे येणं आणि ओठावरचं हर्पीस असंच पसरतं. आमच्या मॅडम स्टीलच्या पट्टीवर स्टीलच्याच चमच्याने काढून घेतात, थेट डबीत ब्रश बुडवत नाहीत, प्रत्येक गिऱ्हाईकानंतर पट्टी स्पिरिटने पुसतात, ब्रश धुऊन वाळवलेले वेगळ्या पाऊचमध्ये असतात. मस्काऱ्यासाठी मात्र त्या एकदाच वापरायच्या कांड्या वापरतात आणि म्हणतात की इथे मी तडजोड करत नाही. त्यावर उपाय म्हणजे मस्कारा, स्पंज आणि लिपस्टिक तुमची स्वतःची न्या, मग ती कांडी लागतच नाही. कानकोरणी वापरत असतील तर कागदी किंवा बांबूच्या दांडीची, प्लास्टिकच्या दांडीवाल्यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. ब्रशचे केस कशाचे आहेत ते पण विचारा, बकरीच्या केसांचे असतात, सिंथेटिक पण असतात, आणि खोट्या पापण्या मिंक नावाच्या प्राण्याच्या केसांच्या म्हणून विकतात, त्या खऱ्या मिंकच्या असतील तर आपल्याला नकोत.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. लीपिंग बनी म्हणजे प्राण्यांवर टेस्टिंग नाही याची बाहेरच्या संस्थेने केलेली तपासणी, कॉसमॉस किंवा इकोसर्ट हे नैसर्गिक-ऑरगॅनिकसाठी. नुसतं क्लीन, ग्रीन, प्युअर असं छापलेलं असेल तर त्यामागे काय आहे ते विचारायचं. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध (म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या खोट्या दाव्यांविरुद्ध) मार्गदर्शक नियम काढलेत, त्यात असे मोघम शब्द वापरले तर पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. पण सर्टिफिकेट काढायला पैसे लागतात आणि छोट्या उद्योगातल्या बायकांना ते परवडत नाही, त्यामुळे शिक्का नाही म्हणून लगेच नाव टाकू नका, लेबल आणि लायसन्स मात्र पाहिजेच.

मेकअप काढायचं कसं हे पण त्यांच्याकडूनच शिकून घ्या, कारण ते कोणी विचारत नाही आणि बराच कचरा तिथेच होतो. ओले वाइप्स कापडासारखे दिसतात पण बऱ्याचदा त्यात प्लास्टिकचे धागे असतात. आम्ही आजीच्या जुन्या मऊ सुती साडीचे तळहाताएवढे तुकडे कापून कडा शिवल्या, पंचवीस झाले. आधी कोरड्या चेहऱ्यावर तेल चोळायचं, ओल्या तुकड्याने पुसायचं, मग फेसवॉश. खोबरेल चालतं पण ज्यांना मुरुमं येतात त्यांनी नको, बहिणीला चालत नाही म्हणून तिला सूर्यफुलाचं तेल दिलं. लग्नाच्या रात्री दोन वाजता ती सासरी पाटावर बसून हेच करत होती आणि तिच्या नणंदेने एक तुकडा मागून घेतला, आता त्या घरात पण साडीचे तुकडे आहेत. तुकडे वापरले की लगेच साबणाच्या पाण्यात टाका, वाळले की काजळाचे डाग मग कशानेच निघत नाहीत.